डफ, तुणतुणे आणि कादंबरी : लाल बावटा कलापथकाची वाटचाल

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटले की घटना, ठराव, कार्यकारिणी आणि ताळेबंद समोर मांडून बसायची आपल्याकडे रीत आहे. लाल बावटा कलापथकाचा इतिहास असा लिहिता येत नाही. त्याचे कागद म्हणजे स्वस्त कागदावर छापलेल्या पोवाड्यांच्या पुस्तिका, सरकारी बंदीहुकूम, आणि ज्यांनी कामगार मैदानात बसून रात्र-रात्र वग पाहिले त्यांच्या आठवणी. या पथकाचे तीन आधारस्तंभ होते : अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर. त्यांपैकी अण्णाभाऊ आज ‘फकिरा’चे कादंबरीकार म्हणून घरोघरी पोहोचले आहेत. कादंबरीकार म्हटला की तो खोलीत एकटा बसून लिहिणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. अण्णाभाऊंच्या बाबतीत हे चित्र अपुरे आहे. त्यांना वाचक मिळण्याच्या कितीतरी आधी श्रोते मिळाले, आणि ते कलापथकाने मिळवून दिले. म्हणून या लेखात कादंबरीकाराचे चरित्र आणि संस्थेचा इतिहास वेगळे काढलेले नाहीत.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म 1 ऑगस्ट 1920 रोजी वाटेगावचा. वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता, आज तो सांगलीत आहे. घर मांगवाड्यातले. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या आधारे ज्या जमातींच्या माथी जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला, त्यांत मांग समाज होता; पोलीस पाटलाकडे हजेरी लावण्याचा जाच त्या पिढीने भोगला. शाळेचा संबंध दीड दिवसाचा, हे तर आता सर्वांना पाठ झाले आहे. ते इतक्या कौतुकाने सांगितले जाते की, शाळेने त्या मुलाला दीड दिवसात का घालवले हा प्रश्न मागे पडतो.

याच वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव. तमाशाची जाण या मातीत मुरलेली होती. अण्णाभाऊंच्या नात्यातल्या बापू साठे यांचा तमाशाचा फड होता आणि तरुणपणी अण्णाभाऊ त्या फडात वावरले. ढोलकीवर कोणता बोल कधी पडला की माणसे सावरून बसतात, सोंगाड्याने कुठे थांबावे, बतावणी लांबली की मागच्या रांगा कशा चुळबुळ करतात, हे सारे ज्ञान तिथले. पुढे त्यांनी पठ्ठे बापूरावांच्या मुंबईच्या लावणीला उत्तर द्यावे तशी स्वतःची ‘मुंबईची लावणी’ रचली. बापूरावांना भुलवणारी मुंबई, आणि अण्णाभाऊंना दिसलेली मुंबई. एकाच तालुक्यातून आलेल्या दोन माणसांनी एकाच शहराकडे दोन टोकांवरून पाहिले.

1930 नंतरच्या त्या टंचाईच्या वर्षांत भाऊराव कुटुंबाला घेऊन मुंबईला निघाले. गाडीभाड्याला पैसे नव्हते. वाटेत मिळेल तिथे मजुरी करत, पायी चालत हे कुटुंब मुंबईत पोहोचले. भायखळ्याच्या चांदबीबी चाळीत बिऱ्हाड झाले. पुढे अण्णाभाऊंनी हमाली केली, कोळसे वाहिले, घरगडी म्हणून राबले, दादरच्या कोहिनूर गिरणीत काम केले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचत अक्षरे लावली.

अक्षरांना अर्थ मिळाला तो माटुंग्याच्या लेबर कॅम्पात. धारावीच्या कडेला वसलेली ही कामगारांची वस्ती. बहुतेक माणसे दलित, बहुतेक गिरणीत किंवा नगरपालिकेच्या सफाई खात्यात. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या आखणीत पुढे असलेले आणि नंतर कम्युनिस्ट पक्षात आलेले कॉम्रेड रा. ब. मोरे यांचा इथे वावर होता. दिवसभर राबायचे, रात्री अभ्यासवर्ग, सभा, पत्रके, गाणी. बाबासाहेबांची चळवळ आणि लाल बावटा इथे एकाच गल्लीत, कधी एकाच घरात नांदत होते. भांडतही होते. अण्णाभाऊंनी इथे रचलेले पहिले गाणे होते कॅम्पातल्या डासांवर. गटारे तुंबलेली, दिवे नाहीत, रात्रभर डास फोडून काढतात. त्यावर हा पोरगा गाणे रचतो आणि वस्ती हसत हसत ऐकते. त्या डासांच्या गाण्यात पुढचे अण्णाभाऊ पूर्ण दिसतात, असे माझे मत आहे. तक्रार आहे, पण रड नाही. आणि ऐकणाऱ्याला स्वतःचीच गोष्ट कुणीतरी ताल धरून सांगतो आहे याचा आनंद आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कम्युनिस्ट पक्षाने सांस्कृतिक आघाडीकडे मुद्दाम लक्ष दिले. 1943 मध्ये मुंबईतच इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, म्हणजे इप्टा, स्थापन झाली. स्टालिनग्राडच्या लढाईवर अण्णाभाऊंनी रचलेला पोवाडा गिरणगावात गाजला. हजारो कोसांवरची लढाई. पण तीत कारखान्यातले कामगार बंदुका घेऊन उतरले होते, आणि परळ-लालबागच्या कामगाराला ती आपली वाटावी ही किमया पोवाड्याच्या रचनेने केली. शिवरायांच्या मावळ्यांसाठी घडलेला छंद व्होल्गाकाठच्या माणसांना लावला आणि तो बसला. बंगालच्या दुष्काळाच्या वेळी ‘बंगालची हाक’ आली. गाणे संपले की झोळी फिरे.

या वातावरणात 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभे राहिले. टिटवाळ्याला भरलेल्या शेतकरी परिषदेशी त्याच्या सुरुवातीच्या दिवसांचे नाते आहे. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या उठावाची ठिणगी पडली तीही त्याच टिटवाळ्यात, 1945 च्या जानेवारीत. पथकाचा जन्म असा गिरणी आणि शेत यांच्या सांध्यावर झाला. हे लक्षात घेतले की त्याच्या वगांत कामगार आणि शेतकरी एकमेकांचे पाहुणे असल्यासारखे का येतात ते कळते. गिरणगावातला कामगार होता तरी कोण? गावाकडे जमिनीचा तुकडा, म्हातारी आई आणि बायको ठेवून आलेला कोकणी, घाटी, वऱ्हाडी माणूसच ना.

तिघांच्या वाटण्या आपोआप पडल्या होत्या. अमर शेख मूळ बार्शीचे, जन्म 20 ऑक्टोबर 1916. त्यांनी मोटारीवर क्लीनर म्हणून काम केले, गिरणीत राबले, संपात तुरुंगात गेले. त्यांचा आवाज असा की ध्वनिक्षेपक बंद पडला तरी सभा चालू राहावी. गव्हाणकर शाहीर आणि रचनाकार, तालमीला शिस्त लावणारे. अण्णाभाऊ मुख्यतः लेखक, गातही, नटही. शब्द अण्णाभाऊंचा, गळा अमर शेखांचा, हे समीकरण महाराष्ट्राच्या कानात असे बसले की आजही अण्णाभाऊंची कित्येक गाणी वाचताना मनात आवाज येतो तो अमर शेखांचा. कवी एक आणि आवाज दुसऱ्याचा, यात कुणाला कमीपणा वाटला नाही. पथक म्हणून काम करणाऱ्यांची ती खूण होती.

आता पथकाच्या कारागिरीविषयी. इथे थोडे थांबायला हवे, कारण अण्णाभाऊंच्या वाङ्मयाची चर्चा करताना या भागावरून घाईने पुढे जाण्याची सवय लागली आहे. पारंपरिक तमाशाचा क्रम ठरलेला : गण, गवळण, बतावणी, वग. गणात गणपतीला वंदन, गवळणीत कृष्ण आणि गौळणींची छेडछाड. अण्णाभाऊंनी गणाचा साचा ठेवला आणि वंदन मात्र मातृभूमीला, हुतात्म्यांना, राबणाऱ्या हातांना केले. गवळण काढून टाकली. बाईच्या देहावर चालणारा विनोद गेल्यावर तमाशाला माणसे येतील का, हा धंद्याचा प्रश्न होता. माणसे आली. सोंगाड्या तसाच ठेवला, फक्त त्याच्या जिभेचा रोख सावकार, काळाबाजारवाला आणि खादी घालून मते मागणारा शेठ यांच्याकडे वळला. राजा-प्रधानाच्या जागी शेतकरी आणि गिरणी कामगार नायक झाले. डफ, तुणतुणे, ढोलकी आणि झांज घेऊन सात-आठ माणसे रेल्वेच्या तिसऱ्या वर्गात चढू शकत होती आणि उतरतील तिथे प्रयोग लावू शकत होती. पडदा नको, नेपथ्य नको. पेट्रोमॅक्स असला तर उत्तम.

‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘बेकायदेशीर’, ‘पुढारी मिळाला’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’, ‘माझी मुंबई’ ही वगांची नावे नुसती वाचली तरी त्या दशकाचे राजकारण डोळ्यांपुढून सरकते. पोवाड्यांचेही तसेच. अमळनेरच्या गिरणी कामगारांवर 1946 मध्ये गोळीबार झाला, की ‘अमळनेरचे अमर हुतात्मे’ तयार. फाळणीच्या दंगली पेटल्या, की पंजाब-दिल्लीच्या दंग्यावर पोवाडा. दंगलीवरचे असे गाणे जमावासमोर म्हणणे सोपे नव्हते. ऐकणाऱ्यांत दोन्ही बाजूंची माणसे असत आणि गाणाऱ्याचे नाव अमर शेख असे. परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या गिरणी कामगार युनियनला एखादी गोष्ट दहा पत्रके काढून सांगता येत नसे, ती पथक एका रात्रीत सांगून मोकळे होई. निम्म्याहून अधिक ऐकणाऱ्यांना पत्रक वाचताच येत नव्हते, हे विसरून चालणार नाही.

स्वातंत्र्य आले आणि पथकाच्या अडचणी वाढल्या. 16 ऑगस्ट 1947 ला, देश आनंदात असताना, अण्णाभाऊंनी मुंबईत भर पावसात मोर्चा काढला : हे स्वातंत्र्य भुकेल्यांचे नाही, असे सांगणारा. तो पवित्रा बरोबर होता की उतावळा, यावर मतभेद होऊ शकतात. पक्षाने पुढे स्वतःच त्या काळातली आपली धोरणे बदलली. पण किंमत पथकाने मोजली. 1948 पासून कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई सरकारने तमाशावर आणि लाल बावटा कलापथकावर बंदी आणली. प्रयोग लावला की पोलीस हजर. तेव्हा तमाशाचे ‘लोकनाट्य’ झाले. पाटी बदलली, आत वग तोच. बंदीतून निघालेले हे नाव पुढे इतके प्रतिष्ठित झाले की पांढरपेशा रंगभूमीनेही ते आनंदाने उचलले. याच धामधुमीत, 1949 मध्ये, अण्णाभाऊ इप्टाचे अखिल भारतीय अध्यक्ष निवडले गेले. वाटेगावच्या मांगवाड्यातला माणूस बलराज साहनींसारख्यांच्या संस्थेचा अध्यक्ष झाला. त्या वेळच्या मराठी साहित्य व्यवहाराला मात्र त्याचे फारसे सोयरसुतक नव्हते.

बंदीचा दुसरा परिणाम कादंबरीवर झाला, असे मला वाटते. प्रयोग थांबले तसे लेखन वाढले. ‘मशाल’सारख्या पक्षाच्या नियतकालिकांतून कथा येऊ लागल्या, पुढच्या वीस वर्षांत पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या आणि कथांचे डझनभर संग्रह झाले. या कादंबऱ्या वाचताना कलापथक सतत जाणवते. प्रकरण सुरू होते ते रान, आभाळ, नदी यांच्या दोन-चार फटकाऱ्यांनी, शाहीर मैदानावर पहिली थाप टाकतो तसे. मग संवाद, छोटे, चढत जाणारे, टाळी कुठे पडेल याचा अंदाज असलेले. ‘फकिरा’चा आरंभ आठवावा. शिगावच्या जत्रेतून जोगणी आपल्या गावात आणायची म्हणून राणोजी जिवावर उदार होतो आणि शिवेवर मारला जातो. वडिलांच्या त्या मरणाचे ओझे घेऊन फकिरा वाढतो. दुष्काळात माणसे मरू लागतात तेव्हा सरकारी खजिना लुटतो. आणि अखेरीस ओलीस धरलेल्या आपल्या माणसांसाठी स्वतःहून हवाली होतो. गोष्टीची ही बांधणी पोवाड्याची आहे. 1959 मध्ये ही कादंबरी आली, अण्णाभाऊंनी ती बाबासाहेबांना अर्पण केली, प्रस्तावना वि. स. खांडेकरांनी लिहिली आणि 1961 मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

सगळ्याच कादंबऱ्या या उंचीच्या नाहीत. पोटासाठी, प्रकाशकाच्या घाईने लिहिलेल्या काहींत तोच खलनायक, तीच सत्त्वशील नायिका नव्या नावाने भेटते. स्मरणिकेत असे लिहू नये असा संकेत आहे. पण ज्याला माणसे खरेच वाचतात त्याच्याविषयी खरे लिहिलेले चालते. कथांत मात्र त्यांचा हात फार क्वचित चुकला. ‘स्मशानातलं सोनं’मधला भीमा खाण बंद पडल्यावर प्रेतांच्या राखेतले सोने धुंडाळू लागतो, शेवटी मढ्याच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि कायमची जातात, आणि त्यानंतर कळते की खाण पुन्हा सुरू झाली आहे. बेकारीवर याहून निष्ठुर गोष्ट मराठीत मी तरी वाचलेली नाही. ‘वैजयंता’मध्ये त्यांनी तमाशातल्या बाईला नायिका केले, ज्या गवळणीला त्यांनी मंचावरून काढले होते तिचा जणू हिशेब चुकता केला. तिच्यावर 1961 मध्ये चित्रपट निघाला. त्यानंतर ‘फकिरा’, ‘वारणेचा वाघ’ आणि आणखी काही पडद्यावर गेल्या.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पथकातली माणसे पुन्हा एका मैदानावर आली. 1955 च्या नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, 1956 च्या फेब्रुवारीत संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. त्या दिवसांत ‘माझी मैना’ ही छक्कड जन्मली. मुंबईला पोटामागे आलेल्या गड्याला गावाकडे राहिलेली बायको आठवते, अशी ती सुरू होते. ऐकणारा विरहात बुडालेला असतानाच ती वळते आणि कळते की मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला बेळगाव-कारवारचा मुलूखही आहे. राजकीय मागणी प्रत्येक चाळीतल्या एकट्या पुरुषाच्या दुःखात मिसळून टाकणे, हे काम भाषणाने होणारे नव्हते. अमर शेख ती शिवाजी पार्कवर म्हणत तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाई. आत्माराम पाटलांसारखे पुढचे शाहीर याच मैदानांवर तयार झाले.

2 मार्च 1958 रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. उद्घाटक अण्णाभाऊ. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तरलेली नसून दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे, हा त्यांच्या भाषणाचा आशय सर्वश्रुत आहे. लेबर कॅम्पातली जुनी जुगलबंदी इथे जुळून आली. बाबासाहेबांवरचे त्यांचे गीत आज प्रत्येक जयंतीला लागते. ते गाणाऱ्या कित्येकांना ते लाल बावट्याच्या कार्यकर्त्याचे आहे हे ठाऊक नसते, आणि पक्षातल्या कित्येकांना ते गीत त्या काळी पचले नव्हते. दोन्हीकडून थोडे परके राहणे त्यांच्या नशिबी आले.

स्थानिक वारसा म्हणतात तो इथे शोधावा. याच लेबर कॅम्पात बाबूराव बागुल लहानाचे मोठे झाले. त्यांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ 1963 मध्ये आले. गिरणगावात नारायण सुर्वे याच सभा, याच संपांतून कवितेकडे आले. घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णाभाऊ झोपडीत राहत होते, आणि तिथल्या शेजाऱ्यांना त्यांनी ‘चिरागनगरची भुतं’मध्ये जागा दिली. झोपडपट्टीतल्या माणसाविषयी लिहिणारे आधीही होते, झोपडपट्टीत बसून लिहिणारे नव्हते. 1961 मध्ये ते सोव्हिएत रशियाला जाऊन आले, ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिले, आणि परत त्याच वस्तीत उतरले. शेवटची वर्षे हालाखीची, व्यसनाची आणि एकटेपणाची गेली. 18 जुलै 1969 रोजी ते वारले. त्यानंतर सहा आठवड्यांनी, 29 ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. पथक त्याआधीच विस्कटले होते. पण त्या पावसाळ्यात ते खऱ्या अर्थाने संपले.

पुढे 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि पथकाचा श्रोताच शहरातून हळूहळू उठून गेला. ज्या मैदानांच्या कडेने भोंगे वाजत तिथे आता टॉवर आहेत. कोहिनूर गिरणीच्या जागेवरही. शाहिरीचा धागा तुटला नाही. आव्हान नाट्य मंचातून विलास घोगरे, संभाजी भगत अशी माणसे डफ घेऊन पुन्हा वस्त्यांत गेली. सरकारने 1985 मध्ये अण्णाभाऊंच्या नावाने विकास महामंडळ काढले, टपाल खात्याने 2002 मध्ये तिकीट काढले, भायखळ्यात त्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे, आणि 2022 मध्ये मॉस्कोच्या विदेशी साहित्य ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. 1 ऑगस्टला वाटेगावपासून चिरागनगरापर्यंत मिरवणुका निघतात. डीजेच्या भिंती उभ्या राहतात.

त्या मिरवणुकांत वग मात्र अपवादानेच दिसतो. संहिता उपलब्ध आहेत. निवडक वाङ्मयाचे शासकीय खंड निघाले आहेत, ग्रंथालयांत मिळतात. चाली सगळ्या मिळत नाहीत, त्या जुन्या झिलकऱ्यांच्या घरांतून गोळा कराव्या लागतील आणि ते काम लवकर व्हायला हवे. ‘शेटजींचे इलेक्शन’ करायला सात-आठ कलावंत, एक ढोलकी आणि एक चौक पुरतो. यंदाच्या जयंतीच्या कार्यक्रमात दोन तास त्यासाठी राखून ठेवावेत, अशी संयोजकांना विनंती आहे. मतदार यादीतली नावे बदलली तरी संवाद फारसे बदलावे लागणार नाहीत.